तीन ठोके पुरुषाला, दोन बाईला

बुर्गोस, २० जून १९९६

बाबा,

मी पळून गेलेली नाही. पळून जाणारी माणसं पत्ता देत नाहीत, मी देते आहे. कासिल्दा तेखेरिना, मुख्य पोस्ट ऑफिस, सारागोसा. एवढं लिहिलंत की पोस्टवाले पत्र जपून ठेवतात. पंधरा जुलैपासून मी रोज तिथे विचारायला जाणार.

फोन केला असता, पण तुमच्या कानांपुढे फोनचं काय चालणार? चाळीस वर्षं थोरल्या घंटेच्या पोटाखाली उभं राहिलेला माणूस. मागे वीजवाल्यांचा फोन आला होता तेव्हा तुम्ही त्या माणसाला ‘आलाच आहात तर जेवून जा’ म्हणाला होतात. म्हणून पत्र. अक्षर वाईट आहे ते चालवून घ्या. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद आपण पुन्हा काढायला नको.

मुद्द्याचं लिहायला बसले होते, पण आधी गाडीतलं सांगते. आपल्या बियामोर्काच्या फलाटावरून मी चढले तेव्हा डब्यात एक विधवा बाई आणि सुट्टीवर निघालेला एक शिपाई. बाईने डबा उघडला, बटाट्याचं जाड ऑम्लेट. शिपायाने वास घेतला आणि म्हणाला, “कांदा घातलाय?” बाई म्हणाली, “मग काय साबण घालू?” तो म्हणाला, “कांदा घातला की ते ऑम्लेट राहत नाही, भाजी होते.” बाबा, बुर्गोस येईपर्यंत भांडण. तिकीट तपासनीस आला, त्याचं मत विचारलं. तो कांद्याच्या बाजूचा निघाला, तर शिपायाने त्याला तिकीट दाखवायचं नाकारलं. मी हसून हसून खिडकीबाहेर बघायचं विसरले, आणि तेच बरं झालं. खिडकीतून आपला मनोरा कितीतरी वेळ दिसत राहतो.

आणि स्पष्ट सांगते, मी घंटा ऐकायला निघालेली नाही. मी गावं बघायला निघाले आहे, सगळ्यात मंद गाडीने, जिथे वाटेल तिथे उतरत. इथे काल संध्याकाळी घंटा वाजल्या म्हणून ऐकल्या, एवढंच. धाकटीने थोरलीला वाटच दिली नाही. दोघी एकदम बोलतात. आपल्याकडे असं झालं असतं तर तुम्ही वाजवणाऱ्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी पंचायतीची सभा आहे हे मला माहीत आहे. सरपंच लिसिनियो विजेवर घंटा वाजवणाऱ्या मोटारींचा कागद पुढे करणार. मोटारी बसल्या की मनोऱ्याला कुलूप. वाजवणाऱ्याचं नाव कुणी लिहून दिलं तरच ते टळणार. तुमचा खांदा गेला. आपल्या घरात तुमच्याशिवाय दुसरं नाव एकच आहे. ते तुम्ही देणार का, हे मी विचारत नाहीये.

अंगणातल्या मांजरीला पावाचा चुरा दुधात भिजवून द्या, नुसता खात नाही ती.

कासी


सारागोसा, १८ जुलै

बाबा,

चार दिवस पोस्टात विचारलं. खिडकीमागचा माणूस आता मला लांबूनच मान हलवून ‘नाही’ म्हणतो. पाचव्या दिवशीही जाईन. त्याच्या मानेला व्यायाम.

मी इथे एका खानावळीत मुदपाकखान्यात आहे. मालकीण ओरोसियाबाई, माझ्या दुप्पट रुंद, आवाज आपल्या धाकट्या घंटेसारखा, चिरका आणि दूरवर जाणारा. सकाळभर मिरच्या भाजून सोलायच्या. दुपारी सगळं शहर झोपतं, मी नदीकाठी जाऊन बसते. आठवड्यापुरती थांबणार होते. मग ओरोसियाबाईच्या भावाने कबुतरं पाळलीत असं कळलं, ती बघायला गेले, त्यात तीन दिवस गेले. तुम्ही म्हणालच, या मुलीचं लक्ष एका जागी राहत नाही. राहत नाहीच.

काल मिरच्या सोलताना मृत्यूची घंटा वाजली. मी हातातलं टाकून मोजायला लागले. सवय. पण मोजायला काही नव्हतंच. टण्, टण्, टण्, सगळं एकसारखं, घड्याळासारखं, आणि अचानक बंद. मी विचारलं, “कोण गेलं?”

“असेल कुणीतरी,” ओरोसियाबाई म्हणाली.

“बाई की पुरुष?”

“मला काय माहीत? मी काय यमाकडे नोकरीला आहे? मिरच्या सोल.”

कळलं, ती मोटार होती. बाबा, आपल्या गावात पाचशे माणसं. पण आपल्याकडे रानात नांगर धरलेला माणूससुद्धा तीन ठोके ऐकले की टोपी काढतो, दोन ऐकले की क्रूस करतो, आणि मधला थांबा किती लांब त्यावरून आळी ओळखतो. इथे सहा लाख माणसं आणि कोण गेलं ते कुणालाच माहीत नाही. मला त्यांची कीव आली. खरंच आली. मी ओरोसियाबाईला आपली पद्धत समजावली तर ती म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडे मेल्यावरसुद्धा चहाडी?” पण नंतर तिने दोनदा विचारलं, पुरुषाला किती, बाईला किती.

आता त्या दिवसाबद्दल. तुम्हाला ठाऊक आहे ते सगळं पुन्हा लिहिते, कारण तेव्हा मी एक शब्द बोलले नव्हते.

दहा फेब्रुवारी. तुमचा खांदा आखडलेला, म्हणून सकाळची घंटा मी वाजवत होते. खालून बेकरीवाला ओरडला, “कासी! अबुंदियोच्या घरात झालं!” अबुंदियोकाका दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. घरात ते आणि त्यांची बहीण फ्रोयलानामावशी. ती आदल्या दिवशी कोंबड्यांमागे पळताना मी पाहिलेली. मी तीन दिले. पुरुषाचे.

न्हावी वस्तरा घेऊन निघाला मुडद्याची दाढी करायला. सुताराने काकांच्या मापाची फळी काढली. अर्धं गाव दारात. आत काका पलंगावर बसून लसणीचं सूप पीत होते. न्हाव्याला म्हणाले, “आलाच आहेस तर कर दाढी, पण मला बोलता येतंय तोवर गाल कापू नकोस.” लोक हसले. मग काकांनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, “मला तीन मिळाले. आतल्या खोलीत माझी बहीण गेलीय, तिला दोन कोण देणार?”

तेव्हा कुणी हसलं नाही. फ्रोयलानामावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन गेली आणि तिच्यासाठी एकाही माणसाने क्रूस केला नव्हता, सगळ्यांची प्रार्थना चुकीच्या माणसाकडे गेली. तुम्ही चौऱ्याऐंशी पायऱ्या चढलात. त्या खांद्याने. मी मागून आले तर तुम्ही हाताने मला थांबवलंत. तिला दोन दिलेत, मग पूर्ण संथ ठोके, एकही न गाळता. उतरलात तेव्हा उजवा हात लोंबत होता. डॉक्टर म्हणाला, आता दोरी विसरा.

जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, “बसू दे मोटारी. यंत्राला निदान मोजता तरी येतं.”

मला मोजता येतं, बाबा. मी विचारलं नाही ही चूक माझी. घाईत होते. बस.

पुढचा पत्ता व्हॅलेन्सियाचा. त्यानंतरचा कोर्दोबाचा. दोन्ही मागच्या पानावर.

कासी


तेरुएल, २९ जुलै

बाबा,

सारागोसातल्या शेवटच्या दिवशी पोस्टवाल्याची मान वेगळी हलली. पत्र! तुमचं नव्हतं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘प्रेषक : मयत अबुंदियो.’

काका लिहितात, “कासी, तू मला मारलंस तेव्हापासून माझी तब्येत सुधारली आहे. आता काठी टेकत चौकापर्यंत जातो. लोक माझ्याशी नीट बोलतात, कारण सगळ्यांनी माझ्याबद्दल चांगलं बोलून झालं होतं आणि आता शब्द मागे घेता येत नाहीत.” ते मनाचे एवढे मोठे असतील असं मला वाटलं नव्हतं. मी गाडीत हसले आणि मग रडले. समोर बसलेल्या पाद्र्याला वाटलं मला उन्हाचा त्रास होतोय. त्याने मला अर्धं कलिंगड दिलं. अर्धं कलिंगड कुणी देतं का? मांडीवर घेऊन बसले तेरुएलपर्यंत.

पण काकांनी दुसरंही लिहिलंय. लिसिनियोने तुम्हाला चौकात गाठून कागदावर मोठ्या अक्षरात विचारलं, ‘एवेलियो, नाव देणार का?’ तुम्ही कागद वाचलात, टोपी घातलीत, घरी गेलात.

म्हणजे नाही. तुम्ही मला ‘नाही’ म्हणालात, आणि तेही लिसिनियोपुढे.

मला राग आला. दोन दिवस मी इथले मनोरे बघितलेसुद्धा नाहीत. विटांचे आहेत, हिरव्या चिनी मातीच्या ठिकऱ्या बसवलेले. पाठ करून बसले त्यांच्याकडे. मग राग ओसरला आणि खाली जे होतं ते दिसायला लागलं. ते लिहिते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी घाईत नव्हते.

गेला हिवाळाभर सगळे म्हणत होते, अबुंदियो आज जाणार, उद्या जाणार. गावातला सगळ्यात जुना माणूस. मोठा मृत्यू. तुमचा खांदा दुखत होता, म्हणजे तो मृत्यू माझ्या वाट्याला येणार होता, माझा पहिला. मी, बाबा, तो मनात बसवून ठेवला होता. पहिले तीन किती अंतराने, थोरली किती मागे न्यायची, शेवट कसा विरत न्यायचा. अंथरुणात पडल्या पडल्या बोटांनी चादरीवर वाजवायचे. बेकरीवाला ओरडला तेव्हा मला ऐकायचं होतं तेच मी ऐकलं. फ्रोयलानामावशी माझ्या डोक्यात आलीच नाही. काकांचे तीन तयार होते, मी ते देऊन टाकले. आणि चांगले वाजले होते. हेही सांगते. इतके चांगले मी कधीच वाजवले नव्हते.

यंत्राला असली हाव सुटत नाही हे खरं. त्या बाबतीत तुमचं बरोबर आहे.

कासी


व्हॅलेन्सिया, १७ ऑगस्ट

बाबा,

आज लिहायला बोटं नीट वळत नाहीत, कारण तळहात सोलले आहेत. का ते ऐका.

तेरुएलहून इकडे येणारी गाडी म्हणजे गाढवसुद्धा उतरून पुढे जाईल. दुपारचा एक वाजला, डब्यात सगळ्यांनी डबे उघडले. माझ्याकडे आदल्या दिवशीचा पाव, तोही संपलेला. समोर एक बाई, पन्नाशीची, दंड माझ्या मांडीएवढे. तिने भाताचा डबा उघडला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना म्हणाली, “या जेवायला.” सगळे रीतीप्रमाणे म्हणाले, “होऊ द्या सावकाश.” मी म्हणाले, “येते.”

एक म्हातारा चमचा तोंडापाशी धरून तसाच. बाबा, आजवर कुणी ‘येते’ म्हटलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ती बाई एवढ्या जोरात हसली की तिकीट तपासनीस आला. “पस्तीस वर्षं विचारतेय मी,” ती म्हणाली, “एकदाचं कुणीतरी खरं बोललं!” अर्धा भात मला.

ही बिसेंता. बाजारात मासे विकते. दंड कशाने एवढे झाले विचारलं तर म्हणाली, “घंटांनी.” मी भात घशात अडकवून घेतला.

घंटा वाजवणाऱ्या त्या सहाजणी आहेत. एक शिंपीण, एक शाळेत शिकवते, दोघी बहिणी फुलं विकतात. आपल्या वस्तीतल्या चर्चची मोटार त्यांनी स्वतः सोडवून खाली आणली आणि दोऱ्या बांधल्या. मी त्यांना सांगितलं, मी तेखेरिना, बियामोर्काची, आमच्या घरात पाच पिढ्या वाजवतात. त्यांनी बियामोर्काचं नाव ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, काही हरकत नाही, आम्हीही तुमचं ऐकलं नव्हतं.

इकडे घंटा पूर्ण उलटी फिरवतात, पुन्हा पुन्हा, चक्कीसारखी, आणि हाताने ढकलतात. पहिल्या दिवशी तळहात गेले. बिसेंता म्हणाली, “काय गं, पाच पिढ्यांत हातमोजे कुणी शोधले नाहीत?” दुसऱ्या दिवशी जमलं. पंधरा तारखेला देवमातेचा सण, तेव्हा मला मधल्या घंटेवर उभं केलं. अर्धा तास. खाली रस्ता भरून माणसं, वर बघणारी.

सण आटोपला, सगळ्याजणी घाम पुसत पायरीवर बसल्या, समुद्राकडून ढग आले. शिंपीण म्हणाली, “पाऊस.” मी म्हटलं, “गारा.” आणि मी विचारलं, “ढग परतवायची घंटा नाही वाजवत?”

त्यांच्याकडे नाहीच ती! होती म्हणे पूर्वी, वाजवणारे गेले. बिसेंता म्हणाली, “मग वाजव की तुझ्या गावची.”

मी उठले. तुमच्यासारखी पाय फाकवून उभी राहिले. तुम्ही द्राक्षांच्या वेलींसाठी वाजवता ती, धाकटी घाबरल्यासारखी भरभर आणि थोरली मधूनच, ‘थांब’ म्हटल्यासारखी. सबंध वाजवली, एकही ठोका न सोडता. चार मिनिटं. माझ्या लक्षात राहत नाही म्हणता ना, बाबा? दहाचा पाढा राहिला नाही. हे राहिलं.

मी थांबले. शाळेतली बाई म्हणाली, “हे कुठे लिहून ठेवलंय?”

मी म्हटलं, “माझ्या बापाच्या हातात.”

मग त्यांनी टेप आणला आणि मला पुन्हा वाजवायला लावली. गारा पडल्या नाहीत. ढगाचा स्वभाव असेल, पण त्यांनी श्रेय आपल्याला दिलं. बियामोर्काला. कॅसेटवर बिसेंताने गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, मी शुद्धलेखन तपासलं, म्हणजे विचार करा. कॅसेट अबुंदियोकाकांकडे पाठवते आहे, त्यांच्याकडे टेप आहे. तुम्हाला ऐकू येणार नाही हे ठाऊक आहे. पण घरात असू दे.

कासी


कोर्दोबा, २७ ऑगस्ट

बाबा,

कोर्दोबाला का आले ते मला विचारू नका. पत्ता आधीच लिहून दिला होता, आणि परत फिरायचं धैर्य होईना, हे खरं कारण. इथे इतकं उकडतंय की दुपारी कुत्रीसुद्धा सावली बदलायला उठत नाहीत. पण बरंच झालं आले. तुमचं पत्र इथेच आलं.

सव्वीस ओळी. मोजल्या. तुम्ही आयुष्यात एवढं बोलला नसाल.

तुम्ही लिहिता, अबुंदियोने टेप आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, आणि तुम्ही टेबलाच्या कडेला दात लावून लाकडातून ऐकलंत. तीनदा. दात लावून! मी ते वाचलं आणि पोस्टाच्या पायरीवर बसले. मग तुमच्या सूचना. ‘सुरुवात बरी. धाकटी घाईत, पण ढग जवळ असेल तर चालतं. थोरलीचा तिसरा ठोका उशिरा. खांद्याने ओढतेस, कंबर वापर, नाहीतर माझ्यासारखी होशील.’ पंचवीस ओळींत कुठेही ‘छान’ नाही. मी शोधलं. हरकत नाही. यंत्राला कुणी कंबर वापर म्हणून सांगत नाही.

आणि मग सव्विसावी ओळ. ‘नाव दिलं नाही ते रागाने नाही. मनोरा हा खुंटा आहे. मी चाळीस वर्षांत लग्नाला, मयताला, समुद्र बघायला गेलो नाही. तू फिरणारी. तुला बांधायचं नाही.’

एका ओळीत एवढं कोंबलंत. आणि मी दोन महिने समजत होते की मला शिक्षा चालली आहे.

आता माझं ऐका. उशीर झाला नाही. तिसरा ठोका मी थांबून दिला, कारण व्हॅलेन्सियाची ती घंटा आपल्या थोरलीहून जड आहे आणि तिचा आवाज संपायला वेळ लागतो. तिच्या बोलण्यात बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. टेबलाचं लाकूड तुम्हाला तेवढं सांगणार नाही. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

दुसरं. मी नन्सच्या शिवणवर्गातून पळाले, बेकरीतून पळाले, मामाच्या दुकानातून दुपारच्या जेवणाआधी पळाले. मनोऱ्यातून कधी पळाले? सांगा. तुम्हाला मला खाली बोलवायला माणूस पाठवावा लागायचा. खुंटा म्हणता, पण दोरीचं कुठलं टोक आपल्या हातात आहे यावर असतं ते. आणि मी फिरणारी आहे, फिरेनच. शिंपीण, मासेवाली, शिक्षिका, सगळ्या कामं करून वाजवतात, एकमेकींची पाळी घेतात. सहाजणी आहेत म्हणून एकीलाही दावं लागत नाही. आपल्याकडेही शिकवता येईल कुणाला. बेकरीवाल्याच्या दोन्ही मुली दिवसभर काय करतात?

नाव द्या. उपकार म्हणून नको, माझी चूक माफ म्हणूनही नको. ती चूक माझ्याकडेच राहू दे. मला वाजवता येतं म्हणून द्या.

कासी


गाडीत, वायादोलिदच्या पुढे, ३ सप्टेंबर

बाबा,

हे पत्र टपालाने नाही, तुमच्या हातात देणार आहे. मी बोलायला लागले की तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला रडू येतं, म्हणून. फलाटावर उभ्या उभ्या वाचा. काकांना तार केली आहे, ते तुम्हाला स्टेशनवर आणतील.

परवा गुरुवारी सभा. माझं म्हणणं एवढंच. तास वाजवायला हवी तर मोटार बसवा, वेळ कुणीही सांगितली तरी चालते. मेलेली माणसं, गारा आणि आठ तारखेचा आपला सण हाताने. त्यासाठी माझं नाव. सभेत ते तुम्ही सांगायचं, मी नाही. गावाने माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील, हिने फ्रोयलानाला पुरुष केलं. तुमच्या तोंडून ऐकलं तर गप्प बसतील.

गाडी आपल्याकडे दोन मिनिटं थांबते. मी पिशवी खाली ठेवून दारापाशी उभी राहीन. हो असेल तर पिशवी उचला. नसेल तर पत्र परत द्या, मी तशीच चढेन आणि पुढे लिऑनला जाईन, आणि तुमच्यावर रागावणार नाही. निदान प्रयत्न करीन.

आता आपल्या गावाजवळची पॉपलरची उंच झाडं आली. पिशवी खाली काढते.

कासिल्दा


बियामोर्का, ६ सप्टेंबर

बिसेंतामावशी,

तू म्हणाली होतीस, काय झालं ते लगेच कळव, नाहीतर मासे खारवून पाठवीन. कळवते.

फलाटावर बाबा आणि अबुंदियोकाका. बाबांनी सणाचा कोट घातलेला, एवढ्या उन्हात. मी पत्र दिलं. त्यांनी डाव्या हाताने लांब धरलं आणि वाचायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय, गार्ड घड्याळाकडे. एक मिनिट झालं. पहिलं पान चालूच. मी काकांना म्हटलं, “एवढा वेळ काय वाचतायत?” काका आभाळाकडे बघायला लागले. गार्ड ओरडला, “बाई, चढताय की राहताय?” मी ओरडले, “वाचतायत!” शिट्टी झाली. बाबांनी पान उलटलं, आणि पुन्हा पहिलं पान वर घेतलं. गाडी हलली. मी पायरीकडे धावले, मग पिशवीकडे, मग कुठेच नाही. शेवटचा डबा गेला तेव्हा त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “चष्मा घरी राहिला. थोडक्यात काय लिहिलंयस?”

काका म्हणाले, “मी आठवण केली होती चष्म्याची. ऐकलं नाही.” बाबांना खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, ते तूच ठरव.

घरी जाऊन चष्मा लावून वाचलं. रात्रीच्या जेवणाला माझ्या ताटात दोन अंडी होती, स्वतःच्या ताटात एक. तिसरा ठोका उशिराच होता, असं मात्र जाता जाता म्हणाले. मी म्हटलं, नव्हता. तो वाद अजून चालू आहे, कितीतरी वर्षं चालेल.

काल सभा. पंचायतीच्या खोलीत चाळीस खुर्च्या, माणसं नव्वद. लिसिनियोने मोटारींचा कागद वाचला, किती सोय, किती अचूक. ‘अचूक’ म्हणताना माझ्याकडे बघितलं, आणि मागून कुणीतरी खोकलं. काका काठी आपटून उठले, “मेलेला माणूस म्हणून मला पहिलं बोलायचा हक्क आहे. मला तीन मिळाले होते. छान होते. पुढच्या वेळी त्याच हातचे हवेत.” हशा पिकला. लिसिनियो म्हणाला, हाताने वाजवायचं तर नाव लागतं, आणि वहीत लिहून बाबांपुढे धरलं.

बाबा उभे राहिले. कोट तोच. उजवा हात खिशात, कारण तो आता तिथेच राहतो. आणि त्यांनी नाव सांगितलं. मावशी, बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा जातो ते कळत नाही. त्यांना वाटलं असेल आपण सभेत बोलतो तसं बोललो. पण खिडक्यांच्या काचा हलल्या. चौकातली कुत्री उठली. पलीकडच्या दारूच्या दुकानात खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले, असं आज बेकरीत कळलं.

“कासिल्दा तेखेरिना रोबलेस!” आईच्या आडनावासकट. “माझी मुलगी!”

लिसिनियोने दोन्ही हात वर केले, “ऐकलं, एवेलियो, ऐकलं, बस खाली.”

त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं.

तुझी,
कासी